पाचवी बाटली

लातूर जिल्हा झाला त्याच साली पंचशीला सोनकांबळे मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली, आणि या योगायोगाचा तिला भारी अभिमान होता. नवरा भुजंग नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई. जुन्या जिल्ह्यातून आलेले फायलींचे गठ्ठे त्यानं पाठीवर वाहिलेले. "हा जिल्हा आमी उभा केलाव," असं तो चारचौघांत सांगायला लागला की पंचशीला आतून ओरडायची, "अन् जिल्ह्यातल्या शिकलेल्या पोरींना जेवू कुणी घातलं?" भुजंगकडे याला उत्तर नसायचं. तसं तिच्या कुठल्याच प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसायचं, म्हणूनच बहुधा संसार चौतीस वर्षं सुखाचा झाला.

बाई ठेंगणी, काटक आणि तोंडानं फटकळ. साठ पोरींचा दोन वेळचा स्वयंपाक, मदतीला एक बाई, तीही आठवड्यातून दोनदा दांडी मारणारी. तिच्या हातचं जेवून पोरी नर्स झाल्या, तलाठी झाल्या, मास्तरणी झाल्या, एक तर फौजदार झाली. कधी गावात आल्या तर लेकरं घेऊन तिला भेटायला यायच्या. पाया पडायला वाकल्या की ती हात धरून वर उठवायची आणि म्हणायची, "ते राहू दे. जेवून जा."

पण तिची खरी ख्याती चवीपेक्षा पाण्याच्या मापाची होती. लातूरचे नळ पहिल्यापासूनच लहरी. पंचशीला भांड्यात बोट बुडवून पाणी मोजायची. भाताला एक पेर, डाळीला दीड. तांदूळ धुतलेलं पाणी डाळीत जायचं, भाजी धुतलेलं पाणी भांड्यांवर, आणि भांड्यांवरचं दारातल्या कडुलिंबाच्या बुडाशी. नव्या मदतनीस बाईला ती पहिल्या दिवशी एकच धडा द्यायची: "मीठ कमी पडलं तर वरून घालता येते. पाणी जास्त पडलं तर माघारी काढता येत न्हाई." स्वयंपाकाबद्दल तिला कुणी काही सांगितलेलं मात्र खपत नसे. हा तिचा दोष म्हणा हवं तर. मी म्हणणार नाही.

हे माप तिला आईकडून मिळालं आणि फार महागात मिळालं. बहात्तरच्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. माहेर इस्लापूरकडचं, सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळचं. बाप ज्ञानोबा मजूर माणूस, पण पोरीनं शिकायचंच या हट्टाचा. त्यानं तिला किनवटला मुलींच्या बोर्डिंगात ठेवलं होतं. ती तिसरीत असताना बोर्डिंगची विहीर आटली. बाईंनी सगळ्या पोरींना ओळीत उभं केलं आणि सांगितलं की पंधरा दिवस घरी जा, पाण्याची सोय झाली की बोलावणं पाठवू. पंचशीलेनं आपली पत्र्याची पेटी बोर्डिंगातच ठेवली. पंधरा दिवसांसाठी कशाला ओझं न्यायचं? पेटीत पाटी, पुस्तक आणि एक नवा परकर होता. बोलावणं आलंच नाही. आई सरजाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, म्हणून घरचं पाणी पंचशीलेच्या डोक्यावर आलं, आणि एकदा डोक्यावर आलेली घागर काही खाली उतरली नाही. त्या पेटीचं पुढं काय झालं हे तिला आजतागायत ठाऊक नाही.

त्या उन्हाळ्यात सरजाबाई एक कालवण करायची. पैनगंगेच्या आटत चाललेल्या डोहातून पदरानं झिंगे धरायचे आणि खडकावर वाळवायचे. मग कामावर मिळालेल्या गव्हाच्या पिठाच्या चकोल्या करायच्या. चकोल्या म्हणजे लाटलेल्या पोळीचे तुकडे. एरवी त्या वरणात सोडतात, पण डाळ होती कुठं? म्हणून चकोल्या आणि झिंगे एकाच भांड्यात, थोडक्या पाण्यात शिजायचे. भांड्यावर ताट झाकायचं आणि ताटात पाणी ठेवायचं, म्हणजे वाफ कोंडते आणि लागेल तसं तेच कोमट पाणी आत सोडता येतं. लातूरला आल्यावर पंचशीलेनं हे कालवण कुणाला सांगितलं नाही. दुष्काळातलं खाणं ते, मिरवायचं काय त्यात, असं तिला वाटायचं.

मग दोन हजार सोळाचा उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी येऊ लागलं, घरोघरच्या ड्रमांना कुलपं लागली. भुजंग आता रिटायर झालेला. तो स्टेशनवर जाऊन गाडीचे डबे मोजून आला आणि कितीतरी दिवस तेच सांगत बसला. वसतिगृहाची बोअर आटली. मेस बंद झाली, पोरी आपापल्या घरी गेल्या, आणि पंचशीलेला सांगण्यात आलं की मेस सुरू होईपर्यंत घरी थांबा. हे 'घरी थांबा' तिच्या काळजाला लागलं. मागं राहिल्या फक्त बारावीच्या अकरा पोरी. त्यांची प्रवेश परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. त्यांना प्यायला रोज वीस लिटरचे दोन जार यायचे, वापरायला टँकरच्या पाण्याचा एक ड्रम होता, आणि एका गॅसवर त्या हातानं काहीबाही शिजवून खायच्या.

अशात कुठल्याशा मोठ्या शहरातल्या तरुण मंडळानं दुष्काळग्रस्तांसाठी खोकी पाठवली. मनापासून पाठवली असणार, त्याबद्दल शंका नाही. पण खोक्यात निघाला पास्ता. नळीसारखा, गव्हाचा, पाकिटात बंद. आणि पाकिटावर छापलेलं, की एका पाकिटाला पाच लिटर उकळतं पाणी घ्या, शिजल्यावर पाणी निथळून टाका. लातूरला, एप्रिल महिन्यात! पाठवणाऱ्यांपैकी एकानं जरी पाकीट वाचलं असतं तर बरं झालं असतं.

वाचलं ते शिवकन्येनं. ही नायगावकडची, शेतकऱ्याच्या घरची, अकराजणींत सगळ्यात हुशार. छापलेल्या अक्षरावर तिचा पूर्ण विश्वास. तिनं चार पाकिटांना बरोबर वीस लिटर पाणी घेतलं, म्हणजे अख्खा जार. पास्ता शिजला, तसा बराही झाला. उरलं ते निथळलेलं पाणी. आता दुष्काळात वाढलेली पोरगी पाणी फेकत नसते. शिवकन्येनं ते निवू दिलं आणि एक थेंब न सांडता वापरायच्या ड्रमात नेऊन ओतलं. कुणालाही यात काही चुकलं असं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रमाचं झाकण उघडलं तर आंबूस वासाचा भपकारा आला. त्या पिठूळ पाण्यानं उन्हात अख्खा ड्रम नासवला होता. टँकर यायला अजून दोन दिवस होते.

वॉर्डन बिराजदार मॅडम ड्रमाजवळ गेल्या, नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बास झालं. उद्या सकाळी सगळ्या घरी जा." उदगीरकडच्या या बाई वर्षभरापूर्वीच बदलून आलेल्या. स्वभावानं वाईट नव्हत्या, घाबरट होत्या. अकरा पोरी, पाणी नाही, उद्या कुणाला जुलाब लागले तर कागदावर नाव आपलं, या विचारानं त्यांची झोप उडाली होती.

बातमी घेऊन भुजंग घरी आला तेव्हा पंचशीला तांदूळ निवडत बसली होती.

"अगं, पोरी सामान बांधायल्यात," तो म्हणाला. "उद्या घरला धाडायलेत त्यास्नी. पंधरा दिवसांचाच सवाल हाय म्हणं."

पंचशीलेनं सूप खाली ठेवलं. "पंधरा दिवस?" एवढंच विचारलं तिनं, आणि चपला अडकवून निघाली. वसतिगृह मागच्याच गल्लीत होतं.

खोल्यांतून पेट्या, पिशव्या बांधून ठेवलेल्या होत्या. शिवकन्या कोपऱ्यात बसून रडत होती, कारण दहाजणींची परीक्षा आपल्यामुळं बुडाली असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. पंचशीला थेट मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, पोरींना कुठं धाडून राहिल्या तुमी?"

"नाइलाज आहे, पंचशीलाबाई. घरी अभ्यास करतील, परीक्षेला परत येतील."

"न्हाई येणार."

"का नाही येणार?"

"घरी गेल्या की हातात घागर येते. दोन कोसावरून पाणी आणणारी पोरगी पुस्तक कव्हा धरन? अन् परीक्षेच्या दिवशी तिला एसटीत कोण बसवून देईन?"

मॅडमना हे पटत नव्हतं असं नाही. पण त्यांनी बोटांवर हिशेब मोजला. दोन जार प्यायचे, ड्रम गेलेला. "तुम्ही म्हणाल जेवण करते. कशात करणार? काल एका वेळच्या जेवणाला अख्खा जार संपला."

"काल मी नव्हते," पंचशीला म्हणाली.

यावर मॅडम थोड्या हसल्या. पंचशीला हसली नाही. "अर्ध्या जारात दोन्ही वेळचं करते, अकराजणींचं. दहा लिटर. म्हणजे एका वेळेला पाच. खोटं वाटत असन तर आज सात वाजता माझ्या घरी या. लिटरची बाटली आणा, तुमच्या हातानं पाणी मोजून द्या. पाचाच्या वर सहावी बाटली लागली तर पोरींच्या पिशव्या मी सोता स्टँडवर नेऊन देते. अन् न्हाई लागली, तर पोरी हितंच राहतीन असं कागदावर लिहा."

मॅडम हो म्हणाल्या.

संध्याकाळी अकरा पोरी पंचशीलेच्या दोन खोल्यांच्या घरात दाटीवाटीनं बसल्या. शिवकन्येनं खोक्यातली चार पाकिटं बघितली आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, हे नको. भात करा ना. हे लई पाणी खातंय."

"याच्यानंच तुझी इज्जत गेली ना? मग याच्यानंच येईन," पंचशीला म्हणाली. खरं सांगायचं तर तिनं पास्ता जन्मात कधी शिजवला नव्हता. तिनं एक नळी दाताखाली धरली, कडकन फोडली आणि चावून पाहिली. "गव्हाचंच हाय की. चकोलीच ही, वाळलेली."

आणि तोंडात ती चव असतानाच तिला सरजाबाईचं कालवण आठवलं. तिनं फळीवरचा सुकटीचा डबा खाली घेतला. पंचशीलेनं समुद्र कधी पाहिला नव्हता, पण त्यातले वाळलेले बारके झिंगे, म्हणजे सुकट, तिच्या घरी बारा महिने असायची. एरवी सुकट दोन पाण्यांनी धुवावी लागते, नाहीतर दाताखाली रेती येते. आज धुवायचं नाव नव्हतं. तिनं सुकट तव्यावर कुरकुरीत भाजली, फडक्यात घालून चोळली, आणि सुपात घेऊन अशी पाखडली की डोकी, शेपट्या आणि रेती अंगणात आणि झिंगे तेवढे सुपात. हे काम तिनं पुन्हा पुन्हा केलं. एक खडा जरी दाताला लागला असता तरी तिला चाललं नसतं.

बरोबर सातला मॅडम आल्या. हातात रिकामी बाटली, मागं जार घेऊन भुजंग. त्यांनी खुर्चीवर बसून स्वतः पाणी मोजलं आणि पाच बाटल्या भरून ओट्यावर ओळीनं मांडल्या. त्यासाठी पोरींनी आपापल्या बाटल्या दिल्या होत्या.

पातेल्यात तेल तापलं. ठेचलेला लसूण पडला, कांदा पडला, तिखट आणि घरचा काळा मसाला पडला, आणि घरभर असा वास सुटला की पोरींची कुजबुज थांबली. मग तिनं दोन किलो टमाटे हातानं पिचून घातले. टमाट्यांच्या अंगचं पाणी सुटलं. हे पाणी मॅडमच्या मापात धरलेलं नव्हतं, आणि ते पंचशीलेला पक्कं माहीत होतं. पास्ता तिनं कोरडाच टाकला, शेवया परततात तसा परतला, आणि मग दोन बाटल्या पाणी घालून वर ताट झाकलं. तिसरी बाटली ताटात ओतली. ताटातलं पाणी कोमट झालं की ते आत जायचं, आणि चौथी बाटली ताटात.

चौथीही आत गेली. पंचशीलेनं एक नळी काढून चावली आणि तिचा हात थबकला. बाहेरून मऊ, आत पांढरा कडक गर. चकोली असती तर केव्हाच शिजली असती. ही परकी चकोली भलतीच चिवट निघाली. पातेल्यातलं पाणी आटत आलेलं, ओट्यावर फक्त पाचवी बाटली. ती आत्ता घातली असती तर शिजलं असतं, नियमातही बसलं असतं. पण अकराजणींचे हात कशानं धुवायचे? आणि हात धुवायला सहावी मागितली की सगळं संपलं. मॅडम बघत होत्या. शिवकन्या तर श्वास धरून बघत होती.

पंचशीलेनं गॅस बंद केला.

"झालं?" मॅडमनी विचारलं.

"होईन," ती म्हणाली. तिनं पलंगावरची जाड वाकळ ओढली, पातेलं ताटासकट तिच्यात नीट गुंडाळलं आणि कोपऱ्यात ठेवून दिलं. खडी फोडून आलेल्या सरजाबाईजवळ जळण संपलं की ती हेच करायची. वाफेचं काम वाफ करते, माणसानं फक्त झाकण उघडायचं नाही. एका पोरीनं दोनदा विचारलं, झालं का मावशी, आणि दोनदा तिला डोळे वटारून गप्प केलं गेलं.

पंधरा मिनिटांनी वाकळ सुटली. पंचशीलेनं एक नळी उचलून शिवकन्येच्या तोंडात घातली. पोरीनं चावली, आणि तिच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते तिखटामुळं आलं असं तिनं सगळ्यांना सांगितलं.

मग पंचशीलेनं सुकट न खाणाऱ्या दोघींचं आधी बाजूला काढलं, त्यात मॅडमच्या वाट्याचंही काढलं, आणि उरलेल्यात ते भाजलेले झिंगे ओतून सगळं खालीवर केलं. पळसाच्या पानांचे द्रोण भुजंगनं आधीच आणून ठेवले होते, म्हणजे भांडी धुवायला नकोत. पोरी जेवायला बसल्या. चमचे नव्हते, बोटं चालली होती. दुसऱ्यांदा वाढून घेताना एकीनं विचारलं, "मावशी, याला काय म्हणतात?"

आजवर हे कालवण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्या घटकेला तिची मान आपोआप ताठ झाली. "सरजाबाईच्या चकोल्या," ती म्हणाली. "माझ्या मायचा पदार्थ हाय. बहात्तरचा."

मॅडमनीही आपला द्रोण रिकामा केला होता. "अजून थोडं आहे का?" त्यांनी हळूच विचारलं, आणि हे शब्द ऐकायला मिळाले म्हणून भुजंग दारात उगाचच खाकरला. पाचव्या बाटलीतल्या बारीक धारेखाली अकराजणींनी हात धुतले, मॅडमनीही धुतले. ते पाणी तसराळ्यात धरून कडुलिंबाला घातलं. पाचव्या बाटलीत तरीही बोटभर पाणी उरलं होतं. पंचशीलेनं ती मॅडमपुढं आणून ठेवली.

मॅडमनी पिशवीतून कागद काढला. जेवणाची सोय कोण करणार, ते लिहावं लागणार होतं. "नाव पंचशीला भुजंग सोनकांबळे," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "वय चौपन्न. शिक्षण?"

"तिसरी."

"तिसरी पास?"

"न्हाई. तिसरीतच होते. पाणी न्हाई म्हणून बोर्डिंग बंद झालं अन् आमाला घरी धाडलं." पंचशीला वाकळेची घडी घालत होती. "पंधरा दिवसांसाठीच म्हणले होते, मॅडम."

पेन थांबलं. मॅडमनी वर पाहिलं, मग पोरींकडं पाहिलं, आणि परत खाली मान घालून बराच वेळ लिहीत राहिल्या. लिहून झाल्यावर त्यांनी कागद पंचशीलेकडं दिला. तिनं तो शिवकन्येच्या हातात ठेवला.

"वाच. मोठ्यानं."

शिवकन्या उभी राहिली. "अकराही विद्यार्थिनी परीक्षा संपेपर्यंत वसतिगृहातच राहतील. स्वयंपाकाची संपूर्ण जबाबदारी श्रीमती पंचशीला सोनकांबळे यांची राहील."

"परत वाच."

तिनं परत वाचलं. 'यांची' या आदराच्या शब्दाला पंचशीलेनं मान डोलावली. मग तिनं अकराजणींकडं एकदा नजर फिरवली आणि रोजच्या फटकळ आवाजात म्हणाली, "बसल्या काय अशा? जावा, पेट्या उघडा आपापल्या. पुस्तकं काढा बाहीर."